यमकांची चित्रपुस्तके आणि विंदा



तुमच्या घरी किंवा शेजारी तीन-चार वर्षांचे एखादे मूल असेलच. त्याला जवळ बसवा आणि चित्रांच्या पुस्तकातली एखादी छोटी कविता तालावर वाचून दाखवा. एकदा ऐकून त्याचे समाधान होत नाही. ते 'परत' म्हणते. तुम्ही परत वाचता, ते पुन्हा 'परत' म्हणते. चौथ्या-पाचव्या वेळी ओळीच्या शेवटी तुम्ही मुद्दाम थांबलात, तर राहिलेला शब्द ते स्वतःच म्हणून टाकते आणि खुशीत टाळ्या वाजवते.

या मुलाला अजून अक्षरओळख नाही. मग तो शब्द त्याला कसा सापडला? लहान मुले असलेल्या घरांत यमकांची चित्रपुस्तके इतकी प्रिय का असतात? आणि तुमच्यासारख्या मोठ्या विद्यार्थ्यांना त्यांचा काय उपयोग? या पाठात आपण याच प्रश्नांचा विचार करणार आहोत.

प्रथम यमक म्हणजे काय ते पाहू. उर्दू कवितेत तुम्ही काफिया शिकला आहात. ओळींच्या शेवटी येणारे सारख्या आवाजाचे शब्द म्हणजे काफिया. मराठीत यालाच यमक म्हणतात. उर्दूत कवितेचे वजन पाहतात, तसे मराठीत मात्रा मोजतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराची दोन. उदाहरणासाठी मी दोन साध्या ओळी रचल्या आहेत :

खाडीकाठी छोटी होडी,
लाटांची ती चाखी गोडी.

दोन्ही ओळींच्या मात्रा मोजून पाहा. प्रत्येकी सोळा भरतील. आता दुसऱ्या ओळीतील 'गोडी' काढून तेथे 'मजा' घाला. अर्थ फारसा बदलत नाही, पण ओळ लंगडते. तुमच्या कानाला ते लगेच कळते. लहान मुलाच्या कानालाही कळते. पहिल्या ओळीतील 'होडी' ऐकल्यावर त्याचा कान तशाच आवाजाची वाट पाहू लागतो. ताल त्याला सांगतो, की आता शब्द येणार. यमक त्याला सांगते, की शब्द कोणत्या आवाजाचा असणार. म्हणून वाचता येत नसतानाही ते शब्द भरू शकते. आपणही पुस्तक वाचू शकतो, असा विश्वास त्याला येथूनच मिळू लागतो.

पुन्हा पुन्हा तेच पुस्तक मागण्याचे कारणही यातच आहे. मोठ्या माणसाला गोष्ट कळली, की तिच्यातली उत्सुकता संपते. लहान मुलाचे तसे नसते. पुढे काय येणार हे माहीत असणे आणि तेच येणे, याचाच त्याला आनंद होतो. दिवसभर त्याला अनोळखी गोष्टींना तोंड द्यावे लागते. रात्री झोपताना ओळखीचे शब्द ठरलेल्या जागी भेटले, की त्याला बरे वाटते. तुमच्या दादी-नानी लोरी म्हणत, तेव्हाही हेच घडत असे. मराठीत लोरीला अंगाई म्हणतात.

आता चित्रांकडे वळू. चित्रपुस्तकातले चित्र ही केवळ शोभा नसते. शब्द निम्मी गोष्ट सांगतात आणि उरलेली चित्र सांगते. 'होडी' हा शब्द होडीचा रंग सांगत नाही. तिच्यात कोण बसले आहे, शीड फाटले आहे की नवे आहे, हेही सांगत नाही. ते चित्रात दिसते. आई शब्द वाचत असते तेव्हा मूल चित्र वाचत असते. एकाच वेळी दोघे एकच पुस्तक दोन रीतींनी वाचतात.

तुम्हांला मात्र या चित्रांत आणखी एक गंमत पाहता येईल. मराठी पुस्तक डावीकडून उघडते आणि उर्दू पुस्तक उजवीकडून. मराठी पुस्तकात होडी पुढे निघाली आहे असे दाखवायचे, तर चित्रकार बहुधा ती उजवीकडे जाताना काढतो, कारण वाचणाऱ्याची नजर त्याच दिशेने सरकते. उर्दू पुस्तकात हीच होडी डावीकडे निघाली, तर ती पुढे चालली असे वाटते. दोन लिप्या वाचणाऱ्या मुलालाच ही गोष्ट सहज ओळखता येईल.

मराठीत मुलांसाठी अशा तालबद्ध कविता लिहिणाऱ्यांत विंदा करंदीकर यांचे नाव फार मोठे आहे. त्यांचे पूर्ण नाव गोविंद विनायक करंदीकर. त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी धालवली या गावी झाला. हे गाव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. म्हणजे विंदा आपल्या कोकणातलेच. त्यांनी मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले. 'स्वेदगंगा', 'मृद्गंध', 'जातक' यांसारखे त्यांचे कवितासंग्रह मोठ्यांसाठी आहेत. ॲरिस्टॉटल आणि शेक्सपिअर यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांच्याबरोबर गावोगाव जाऊन त्यांनी लोकांना कविता ऐकवल्या. त्यांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वि. स. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते तिसरे मराठी लेखक. १४ मार्च २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एवढ्या विद्वान कवीने लहान मुलांसाठीही मन लावून लिहिले. १९६१ साली त्यांचे 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' हे बालकवितासंग्रह आले. त्यानंतर 'सशाचे कान', 'परी ग परी', 'अजबखाना', 'अडम् तडम्' असे संग्रह येत राहिले. १९९३ साली, वयाच्या पंचाहत्तरीतही त्यांची मुलांसाठीची नवी पुस्तके निघाली. राणीची बाग म्हणजे मुंबईत भायखळ्याला असलेली प्राणिसंग्रहालयाची बाग. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. मुंबईला गेल्यावर तुमच्यापैकी काही जणांनी ती पाहिलीही असेल.

विंदांच्या बालकवितेत उपदेश फारसा नाही. 'खोटे बोलू नका, लवकर उठा' असे ते मुलांना सांगत बसत नाहीत. त्यांच्या कवितेत प्राणी माणसांसारखे वागतात, भुतेसुद्धा हसवतात आणि नेहमीचे जग उलटेपालटे होते. मुलांना हे आवडते, कारण खरे जग कसे चालते हे त्यांना नुकतेच कळू लागलेले असते. जे खरे नाही ते ओळखून हसण्यात त्यांना आपली हुशारी दिसते. आणि वाचून दाखवणाऱ्या आईवडिलांनाही कंटाळा येत नाही, कारण शब्दांचा तो खेळ मोठ्यांनाही रंगवतो. जे पुस्तक शंभरदा वाचायचे, ते वाचणाऱ्यालाही आवडावे लागते.

असे कवी इतर भाषांतही झाले. बंगालीत सुकुमार राय यांनी 'आबोल ताबोल' लिहिले आणि त्यातली चित्रेही स्वतः काढली. ते पुस्तक १९२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी प्रसिद्ध झाले. उर्दूत मौलवी इस्माईल मेरठी यांना तुम्ही ओळखताच. ते १८४४ साली मेरठला जन्मले. ते शिक्षक होते आणि मुलांसाठी त्यांनी उर्दूची वाचनपुस्तके तयार केली. गाय, पाऊस, पाणचक्की अशा साध्या विषयांवरच्या त्यांच्या कविता आजही लहान मुले पाठ म्हणतात.

अमेरिकेतील डॉ. स्यूस यांची हकीकत तर दुसरी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. १९५४ साली तेथील एका नियतकालिकात, मुलांची वाचनपुस्तके फार नीरस असतात, अशी तक्रार छापून आली. मग एका प्रकाशकाने स्यूस यांना सोप्या शब्दांची यादी दिली आणि तेवढ्यातच मुलांना हातातून सोडवणार नाही असे पुस्तक लिहायला सांगितले. त्यातून १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' तयार झाले. या पुस्तकात वेगवेगळे शब्द आहेत केवळ २३६. पुढे १९६० साली त्यांनी अवघ्या ५० शब्दांत आणखी एक पुस्तक लिहिले. ही दोन्ही पुस्तके जगभर गेली. थोडे शब्द असले तरी मोठी मजा करता येते, हे यावरून दिसते.

येथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "सर, आम्ही आता आठवी-नववीत आहोत. आम्ही बाळांची पुस्तके का वाचायची?" प्रश्न योग्य आहे. उत्तर असे, की उर्दूत तुम्ही मोठे आहात, पण मराठीत तुमचा कान अजून तयार व्हायचा आहे. आणि कान तयार करण्यासाठी यमकासारखे साधन नाही.

आपल्या अडचणी कोणत्या ते पाहा. पहिली अडचण 'ळ' आणि 'ण' यांची. उर्दूच्या हुरूफांत 'ळ' नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर बोलताना पुष्कळ लोक 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' म्हणतात. घरी बोलताना त्यात काही बिघडत नाही. ती आपली बोली आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु लिहिताना 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल', 'मण' आणि 'मन' हे वेगळे शब्द आहेत. तळे, मळे, फळे, खळे हे शब्द एका दमात चार वेळा म्हणा. जीभ आपोआप मागे वळू लागते.

दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस अशी दोनच लिंगे. मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आहे. उर्दूत फूल पुल्लिंगी आहे, म्हणून तुमच्या वहीत 'पांढरा फूल' असे हमखास येते. आता या ओळी म्हणा :

फूल उमलले पांढरे,
त्यावर फिरती पाखरे.

येथे 'पांढरा' म्हणून पाहा. 'पाखरे'शी ते जुळत नाही. नियम आठवण्याआधीच कान सांगतो, की काहीतरी चुकले. व्याकरणाचा नियम परीक्षेनंतर विसरता येतो, यमक सहसा विसरत नाही.

मित्रांनो, हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपल्यातली कितीतरी मुले मराठी चांगली समजतात, पण एसटी स्थानकावर, दवाखान्यात किंवा तहसील कचेरीत बोलायची वेळ आली, की चुकण्याच्या भीतीने गप्प राहतात. पेपरात पास झालेले मराठी तोंडातून बाहेर पडत नाही. ही भीती मोठ्या वयात जाणे कठीण. ती लहानपणीच रुजू न देणे सोपे. आणि हे काम तुमच्या हातात आहे.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत अनेक घरांतले वडील आखातात नोकरीला किंवा जहाजावर असतात. घरचा सारा भार अम्मीवर पडतो. अशा घरात धाकट्या भावंडाला पुस्तक वाचून दाखवणारे तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्ही वाचलेत, तर एका पुस्तकात दोघे शिकतील. लहान मूल तुमच्या उच्चाराला हसत नाही. ते फक्त 'परत' म्हणते. सरावाला याहून चांगला श्रोता कोठे मिळेल? अब्बांचा फोन आला, की अर्धी ओळ तुम्ही म्हणा आणि उरलेला शब्द त्यांना भरू द्या.

पुस्तके कोठे मिळतील? गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांचे कपाट असते का ते पाहा. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील बरीच चित्रपुस्तके मराठीत आणि उर्दूतही निघाली आहेत. दोन्ही प्रती मिळाल्या तर शेजारी ठेवून वाचा. घरात फोन असेल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भाषांतील चित्रपुस्तके मोफत वाचता येतात. मराठी आणि उर्दू दोन्ही तेथे आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकेही अवश्य शोधा. त्यांच्या कथा गद्यात आहेत, पण घराघरांतली साधी मराठी आणि त्यांनी स्वतः काढलेली चित्रे पाहून तुम्हांला आनंद होईल.

वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. घाई करू नका. ओळीच्या शेवटी थांबा आणि लहान मुलाला शब्द भरू द्या. त्याने चुकीचा शब्द भरला, तरी रागावू नका. तो यमकात बसतो का, एवढेच त्याला विचारा.

आणि शेवटी एक काम. आपल्या गावातले दहा शब्द वहीत लिहा. सुपारी, माड, होडी, जाळे, खाडी, वाडी, असे कोणतेही. प्रत्येकाला एक यमक शोधा. 'सुपारी'ला 'दुपारी' मी देऊन ठेवतो. 'खाडी'ला 'वाडी' त्याच यादीत आहे. उरलेली तुम्ही शोधा, त्यांतून दोन ओळी रचा, शेजारी चित्र काढा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला वाचून दाखवा. त्याने 'परत' म्हटले, तर तुमचे पहिले मराठी पुस्तक सुरू झाले असे समजा.