क्लॅरोनेटचे हरवलेले चार स्वर

लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँड तुम्ही पाहिला असेलच. त्यात चकचकीत चाव्या बसविलेले, काळ्या नळीचे एक वाद्य असते. तेच क्लॅरोनेट. पाश्चात्त्य वाद्यवृंदातही त्याला मानाचे स्थान आहे. या क्लॅरोनेटला एक उंच भाऊ आहे. त्याचे नाव बॅसेट क्लॅरोनेट. सुमारे दीडशे वर्षे हा भाऊ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याचा शोध कसा लागला, हे पाहण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करू.

बॉलपेनची दोन्ही टोकांना उघडी असलेली रिकामी नळी घ्या. वरच्या कडेवरून हळूच फुंकर घाला. शीळ ऐकू येईल. आता खालचे टोक बोटाने बंद करून पुन्हा फुंका. आवाज एकदम खाली उतरेल. असे का व्हावे? खुल्या नळीत निर्माण होणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी नळीच्या सुमारे दुप्पट असते. एक टोक बंद केले, की ती सुमारे चौपट होते. तरंगलांबी वाढली, की कंपने कमी होतात आणि स्वर खाली जातो.

क्लॅरोनेटच्या तोंडाशी बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पत्ती बांधलेली असते. त्यामुळे ते टोक बंद असल्यासारखेच वागते. आता थोडे गणित करू. मोझार्टच्या प्रसिद्ध रचनेत ‘ए’ जातीचे क्लॅरोनेट लागते. त्याच्या सर्वांत खालच्या स्वराची कंपने सेकंदाला सुमारे १३९ असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर तरंगलांबी सुमारे २४८ सेंमी. येते. तिचा चौथा भाग म्हणजे ६२ सेंमी. इतका लांब वायुस्तंभ हवा. बॅसेट क्लॅरोनेट याहून चार अर्धस्वर खाली जाते. म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. तेथे कंपने ११० होतात आणि वायुस्तंभ ७८ सेंमी. लागतो. चार स्वरांसाठी सुमारे १६ सेंमी. जादा नळी!

मग साध्या क्लॅरोनेटला नळीचा तुकडा जोडून भागणार नाही का? नाही. तसे केले, तर सर्व छिद्रे बंद केल्यावर फक्त शेवटचा स्वर मिळेल. मधले स्वर मिळणार नाहीत. प्रत्येक स्वरासाठी योग्य जागी छिद्र पाडून त्यावर चावी बसवावी लागते. पण वादकाची बोटे तर आधीच गुंतलेली! म्हणून पुष्कळ वाद्यांत काही नव्या चाव्या उजव्या अंगठ्याकडे सोपवितात. एरवी या अंगठ्याचे काम वाद्य पेलण्याचे असते.

व्हिएन्नातील वादक आन्टोन श्टाडलर याच्याकडे असे वाद्य होते. थिओडोर लोट्स या कारागिराने ते घडविले होते. मोझार्टने १७९१ साली श्टाडलरसाठी क्लॅरोनेटची आपली प्रसिद्ध कॉन्चेर्टो रचली आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो वारला. पुढे मूळ हस्तलिखित गहाळ झाले. १८०१ मध्ये रचना छापली गेली, ती साध्या क्लॅरोनेटला जमेल अशा बेताने. खालचे स्वर उचलून वर ठेवण्यात आले होते.

पण पुरावा पूर्णपणे पुसला गेला नाही. छापील रचनेत खाली उतरत जाणारी सुरावट मध्येच उडी मारून वर जाते. १८०२ मध्ये लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात परीक्षण आले. त्यात हा बदल सांगून मूळ स्वरांची काही उदाहरणेही दिली होती. या धाग्यांवरून संशोधकांनी मूळ रूपाची जुळवाजुळव केली. १९५१ साली प्रागमध्ये नव्याने बनविलेल्या बॅसेट क्लॅरोनेटवर ही रचना वाजविण्यात आली. पुढे १७९४ सालच्या रीगा येथील कार्यक्रमपत्रिकेवर श्टाडलरच्या वाद्याचे चित्रच सापडले. त्याच्या टोकाला वळवलेला, फुगीर तोंडाचा भाग होता. त्यावरून कारागिरांनी तशी वाद्ये पुन्हा घडविली.

आज काही मोठे कारखाने व निष्णात कारागीर बॅसेट क्लॅरोनेट बनवितात. तरीही वाद्यवृंदाच्या नेहमीच्या संचात ते क्वचितच दिसते. कारण उघड आहे. वाद्य महाग व जड. आणि ज्यांत त्याची खरी गरज पडते, अशा जुन्या रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे बहुधा एकल वादक आपले वाद्य स्वतःच आणतो. काही वादक आपल्या नेहमीच्या क्लॅरोनेटचा खालचा भाग काढून तेथे चाव्यांसकट लांब भाग बसवितात. उरलेले अनेक जण १८०१ च्या पद्धतीनेच वाजवितात.

संधी मिळाली, तर या रचनेची दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे ऐका. सुरावट कोठे वर उडी घेते आणि कोठे सरळ खाली उतरते, ते शोधा. १६ सेंमी. नळीने काय फरक पडतो, हे तुमचे कानच तुम्हांला सांगतील.