लाट ओळखायची की उठवायची?

जपानमध्ये राहत असाल, तर सॉफ्टबँकेचं मोबाइलचं दुकान तुम्हाला येताजाता दिसत असेल. नावात बँक असली तरी ही बँक नव्हे. मासायोशी सोन यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी सॉफ्टवेअरची घाऊक विक्री करायची. पुढची वीस-तीस वर्षं जग कुठे जाणार हे ताडून पैसे लावणं म्हणजे काय, ते तिच्या तीन व्यवहारांवरून समजतं.

पहिला, लाट ओळखण्याचा. २००० मध्ये सोन यांनी अलीबाबात २ कोटी डॉलर घातले. २०१४ मध्ये अलीबाबा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तेव्हा सॉफ्टबँकेच्या हिश्श्याची किंमत ५,००० कोटी डॉलरांच्या वर होती. मधला काळ मात्र आपण विसरतो. डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि सॉफ्टबँकेचा शेअर ९० टक्क्यांहून जास्त आपटला. अंदाज बरोबर होता, पण तो खरा ठरेपर्यंत टिकून राहावं लागलं.

दुसरा, लाट उठवण्याचा. २००१ मध्ये ‘याहू बीबी’ने स्वस्तात ब्रॉडबँड आणलं. स्टेशनांबाहेर उभं राहून लोकांच्या हातात फुकट मोडेम दिले! कंपनीला काही वर्षं मोठा तोटा झाला, पण जपानभर इंटरनेटचे दर उतरले. हे जमलं, कारण टेलिफोनच्या तारा घरोघरी आधीच होत्या आणि नियमांमुळे एनटीटीला त्या प्रतिस्पर्ध्यांसाठी खुल्या कराव्या लागल्या होत्या. लोकांना इंटरनेट हवंच होतं. अडत होतं ते किमतीपाशी.

तिसरा व्यवहार वीवर्कचा. २०१९ च्या सुरुवातीला तिची किंमत ४,७०० कोटी डॉलर धरली गेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. जागा वर्षानुवर्षांच्या कराराने घ्यायची आणि महिन्या-महिन्याने भाड्याने द्यायची, हे तिचं गणित. कितीही पैसा ओतला तरी त्यातली जोखीम तशीच राहिली.

म्हणजे पैशाने लाटेची वाट मोकळी करता येते, पण नसलेली लाट फार काळ उभी ठेवता येत नाही.

तुमच्या-माझ्या हातात तर फक्त ओळखणंच आहे. तेव्हा नीसा खात्यातून ‘एआय’ किंवा ‘रोबोट’ नावाचा फंड घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. गुंतवणूकदारांनी उद्या हात आखडता घेतला, तरी गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून या वस्तूचे पैसे देईल का? आणि मध्येच भाव निम्म्यावर आला, तर घरभाडं भरून तुम्ही थांबू शकाल का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिलं बरोबर येऊनही तुमचं नुकसानच होईल.