ट्रंकेवरची ढोलकी



परवा पहाटे उसाला पाणी धरून परतत होतो. तोडणीवाल्यांच्या कोप्यांवरून एका म्हाताऱ्या बाईच्या ओवीचा सूर कानी आला आणि आमचे पाय जागीच थांबले. मन एकदम साताऱ्याला गेले.

१९६८ साली आम्ही तिथे कॉलेजात दाखल झालो. वसतिगृहाच्या एका खोलीत सहाजण. घरून भाकरीचा डबा एस.टी.ने यायचा. एखाद्याचा डबा चुकला तर पाच डब्यांत सहाजण जेवायचे. उपाशी कुणी झोपल्याचे आठवत नाही.

आमच्यात एकजण वाळवा तालुक्यातला होता. ढोलकी घ्यायला पैसे कुठले? पत्र्याची ट्रंक पालथी घालून तो असा ठेका धरायचा की शेजारच्या खोल्या रिकाम्या व्हायच्या. मग आमचे दोन पक्ष पडायचे. शक्तीची थोरवी सांगणारी कलगी आणि शिवाची बाजू घेणारा तुरा. सवाल-जवाब रंगले की दिवे मालवायची वेळ केव्हाच टळून गेलेली असायची.

एकदा त्याने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. बायकांची गाणी म्हणून आम्ही फिदीफिदी हसलो. तो शांतपणे म्हणाला, "हसा लेकांनो! माझ्या आईला सही येत न्हाई, पर हे समदं तिला तोंडपाठ हाय. तुम्हाला येतंय का एवढं?" त्यानंतर कुणी हसले नाही.

१९६९ चा पावसाळा मात्र वाईट गेला. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. वाळवा तालुक्यातलेच वाटेगाव त्यांचे गाव. आमचा मित्र दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पुढे २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख गेले. लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या दोन आवाजांनी मैदाने हलवली, ते दीड महिन्यात थांबले. त्या रात्री ट्रंक वाजली नाही.

पुढे जो तो आपापल्या संसाराला लागला. लग्नकार्यात भेटी व्हायच्या. "एकदा निवांत बसू, सगळी गाणी उतरून काढू," असे दर वेळी ठरायचे. गेल्या वर्षी तो गेला. दहाव्याला त्याच्या मुलाने विचारले, "काका, दादांची गाणी तुमच्याकडं लिहिलेली हायेत का?" आम्ही मान खाली घातली. पन्नास वर्षांच्या दोस्तीतून आम्हांला आठवल्या अवघ्या चार ओळी.

हे काम करणारी माणसे झाली नाहीत असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायाबापड्यांना सोबत घेऊन हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक आज मोबाईलवर ऐकता येतात. पण आपल्या घरातली ओवी दुसरा कोण येऊन लिहिणार?

गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण ओवी ज्यांच्या ओठांवर आहे त्या आया-आज्या आता थोड्या उरल्या. ऊस तुटला तरी खोडवा फुटतो. माणूस गेले की त्याच्या गाण्याला खोडवा नाही.

म्हणून विनंती एवढीच. आज रात्री जेवणे झाली की म्हातारीजवळ बसा. नातवाला मोबाईलवर आवाज धरायला सांगा. तिचे नाव, माहेर, सासर वहीत लिहा. आम्ही आमच्या चार ओळी लिहून मित्राच्या मुलाकडे धाडल्या आहेत.

आपला,
एक जुना सभासद