चालत्या माहितीसाठ्याचे स्थलांतर

अ‍ॅमेझॉनने २००६ साली आपले संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा सर्व भाडेकऱ्यांचे जाळे एकच होते. कुंपण घातलेली खासगी जाळी २००९ मध्ये आली. तोवर जुन्या वस्तीत अनेकांचे संसार मांडून झाले होते. ‘कॅसँड्रा’वर चालणारे माहितीसाठे हलवणे त्यांत विशेष नाजूक.

कॅसँड्रा फेसबुकमध्ये घडली आणि २००८ साली सर्वांना खुली झाली. तिच्यात मुख्य यंत्र असे नसतेच. प्रत्येक नोंदीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात; कोण चालू, कोण बंद, हे यंत्रे एकमेकांना सांगत राहतात. या पद्धतीचे नावच ‘गॉसिप’. (आपल्या चावडीपेक्षा येथली खबर बरीच विश्वासार्ह!) मात्र यंत्रे एकमेकांना ओळखतात ती पत्त्यावरून, आणि खासगी जाळ्यातल्या पत्त्यावर बाहेरून पोचता येत नाही.

म्हणून साठा उचलून नेत नाहीत; कुंपणाआड त्याचेच दुसरे केंद्र उभारतात. स्थलांतरापुरते नव्या यंत्रांना सार्वजनिक पत्तेही देतात, पण दार उघडे ते फक्त जुन्या सोबत्यांना. आधी नव्या नोंदी दोन्हीकडे जाऊ लागतात, मग जुन्या नोंदींची नक्कल होते. ती पुरी होण्याआधीच फक्त नव्या केंद्रातून वाचू लागलो, तर काहीही बंद पडत नाही. असलेल्या नोंदीबद्दल साठा शांतपणे ‘नाही’ म्हणतो, आणि विचारणारा ते खरे मानतो. यंत्र बंद पडलेले परवडले.

नक्कल तपासून वाचन वळवले, की जुन्या केंद्रात प्रती ठेवणे थांबवतात, तिथली यंत्रे एकेक करून काढतात आणि कुंपणाचे ते दार लावून घेतात.