मैदानावरचे आंदोलन आणि घरातला रक्तदाब

३ सप्टेंबर २०२५, बुधवारची सकाळ. दवाखान्यात आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांचा रक्तदाब १७८/९६ भरला. दोन दिवसांपूर्वी ते सुनेसोबत डोळे तपासण्यासाठी पुण्याहून मुंबईला गेले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचे रस्ते आंदोलकांनी भरलेले, टॅक्सी मिळेना, तपासणीची वेळ हुकली आणि स्वच्छतागृह सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. “डॉक्टर, या लोकांना कोणी आवरत का नाही?” त्यांचा आवाज चढला होता.

त्यांना पाच मिनिटे शांत बसवून मी गोळ्यांची चौकशी केली. “लघवीची गोळी चार दिवस घेतली नाही. प्रवासात पंचाईत नको म्हणून सोडली, मग राहूनच गेली,” ते म्हणाले. सूनबाईंनी पुस्ती जोडली, “आणि आल्यापासून बाबा दिवसभर टीव्हीवर तेच पाहत बसतात.”

वाचकहो, मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्टला आझाद मैदानावर उपोषण सुरू केले. परवानगी पाच हजार आंदोलकांची होती. आले त्याहून कितीतरी अधिक. रस्ते अडले आणि नागरिक वैतागले. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याचे निर्देश दिले. दुसऱ्या दिवशी शासनाने निर्णय जाहीर केल्यावर उपोषण सुटले. मागणी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो आपल्या वैतागाचा.

हा वैताग खोटा नाही. रुग्णवाहिकेला वाट, रात्रीची झोप, स्वच्छतागृह या ज्येष्ठांच्या दृष्टीने चैनीच्या गोष्टी नव्हेत. परंतु मैदानावरील माणसांचीही तक्रार हीच होती: पाऊस, चिखल, बंद दुकाने, अपुरे पाणी, अपुरी शौचालये. माझ्या रुग्णाला शौचालयाची वाट दाखवणारा तरुण आंदोलकच होता. ओल्या चिखलात अनवाणी चालणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम मला पुण्यात बसूनही दिसू शकते.

याच मैदानावर १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी पोहोचले होते. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी अखेरचा टप्पा रात्रीच चालून संपवला. त्यांचे फोड आलेले पाय पाहून मुंबईकरांनी पाणी, खाऊ आणि चपला पुढे केल्या. परस्परांच्या अडचणीची जाणीव ठेवली की रोष किती निवळतो, याचे हे उदाहरण. आपणही गणेशोत्सवात दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक आणि बंद रस्ते सोसतोच. आपल्या माणसांचा गोंगाट कानाला कमी टोचतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

राग आला की शरीरात अॅड्रेनालिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. प्रसंग सरला की तो उतरतो. मात्र तोच प्रसंग पडद्यावर दिवसभर पाहिल्यास मनाला उसंत मिळत नाही. म्हणून काही सूचना.

बातम्या दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी पाहाव्यात, झोपण्यापूर्वी नकोत. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. रागाच्या भरात मोजलेल्या एका आकड्यावरून स्वतःच गोळी वाढवू नये.

लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या भीतीने पाणी तोडल्यास चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर आणि बिस्किटे ठेवावीत. अडकलेल्या वाहनात जेवण लांबले तर साखर धोकादायकरीत्या उतरते.

काळजीवाहकांनी आठवडाभराची औषधे घरात ठेवावीत, डायलिसिसची तारीख असल्यास रुग्णालयाशी आधी बोलून घ्यावे, पर्यायी रस्ता पाहून ठेवावा. छातीत दुखणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास “रस्ता बंद असेल” म्हणून घरी थांबू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घराजवळच्या आंदोलनाने वाट अडली तर ११२ वर पोलिसांना कळवावे. तक्रार नेमकी असावी: कोणता रस्ता, कोणती वेळ, कोणती अडचण. “या लोकांना हाकला” यापेक्षा “येथे फिरती शौचालये हवीत, रुग्णवाहिकेची वाट मोकळी हवी” या मागणीचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो.

गोळी पुन्हा सुरू झाली, टीव्हीला वेळेचे बंधन आले. दहा दिवसांनी त्या गृहस्थांचा रक्तदाब १३८/८४ होता. डोळ्यांच्या तपासणीची नवी तारीखही मिळाली. मुंबईतील त्या तरुणाविषयी मात्र ते स्वतःहून म्हणाले, “त्याचे आभार मानायचे राहून गेले.”