अर्ध्या मिलिमीटरचा ध्यास

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर अगदी मधोमध जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. त्याच्यावर सोडायचा छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा. छर्र्याची कड त्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी दहा गुण मिळतात. पूर्वी प्राथमिक फेरीतली मोजणी इथेच थांबायची. २०१३ पासून तिथेही दशांशात गुण देतात. मध्यापासून दर पाव मिलिमीटर दूर गेलं, की एक दशांश कमी. छर्रा मध्यबिंदूच्या पाव मिलिमीटरच्या आत बसला, तर १०.९. एका शॉटला याहून जास्त काही नाही. साठ शॉटचे मिळून ६५४. हा आकडा आजवर कुणालाही गाठता आलेला नाही.

नेमबाजीची बातमी आपल्याकडे पदक आलं की येते आणि हारतुरे सुकले की जाते. त्या बातमीत गुण असतात, रडणारे आईवडील असतात, सरकारी बक्षिसाची रक्कम असते. नसते ती या खेळातली गंमत. आपणच केलेली एक कृती पुन्हा तशीच्या तशी करता येते का, याचा शोध म्हणजे नेमबाजी. तो शोध घेणाऱ्याला प्रत्येक शॉटनंतर अचूक, निःपक्षपाती उत्तर मिळतं. असं उत्तर देणाऱ्या जागा आयुष्यात फार थोड्या असतात. म्हणूनच पदकाची शक्यता नसलेली माणसंही वर्षानुवर्षं रेंजवर येत राहतात.

दहा मीटरचं विश्व

स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये नळीखाली दाबलेल्या हवेचं सिलिंडर असतं. भरलेल्या सिलिंडरमधला दाब साधारण २०० बार. चाप ओढला की त्यातली मोजकी हवा सुटते आणि जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगानं निघतो. दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचा सहा शतांश वेळ लागतो. तेवढ्यातही गुरुत्वाकर्षण त्याला दीड सेंटिमीटरच्या आसपास खाली ओढतं. साइट जुळवताना हे धरलेलंच असतं. रायफलीला धक्का जवळजवळ नसतो, आणि बंदिस्त हॉलमध्ये वाराही नसतो. त्यामुळे शॉट चुकला तर बोट दाखवायला दुसरं कुणी उरत नाही.

साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्यानं धरायची, तीही स्नायूंच्या जोरावर नाही. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठ किंचित मागे झुकते आणि वजन हाडांवरून थेट पावलांत उतरतं. कॅनव्हास आणि चामड्याचं ताठ जॅकेट कण्याला आधार देतं. त्याची जाडी आणि ताठरपणा किती असावा, हेही नियमांनी ठरवलेलं आहे. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून पाहायचं, की रायफल आपण होऊन कुठे रोखली गेली आहे. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल, तर हातानं ढकलायची नाही, पावलं सरकवायची. गवई बैठकीआधी तंबोरा लावून घेतो, तसं नेमबाज आधी आपलं शरीर लावून घेतो. ते लागलं नसेल, तर पुढची सगळी मेहनत बेसूर होते.

डोळ्याजवळच्या साइटला बारीक भोक असतं आणि नळीच्या टोकाशी एक कडं. कड्यात काळं लक्ष्य बसवायचं आणि त्याच्याभोवती पांढरी किनार सगळीकडून सारखी दिसायला हवी. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. चाप ओढायला अगदी थोडा दाब पुरतो, पण तो वाढला कधी हे रायफलीला कळता कामा नये. नळीचं टोक पाव मिलिमीटर हललं, तर छर्रा दहा मीटरवर अडीच मिलिमीटर सरकतो. म्हणजे पूर्ण एक वर्तुळ गेलं. शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहायचं, कारण छर्रा नळीत असतानाची हालचालही लक्ष्यावर उमटते.

यानंतर येतो तो माझ्या मते या खेळातला सगळ्यात गोड भाग. मॉनिटरकडे बघण्याआधी नेमबाज मनाशी सांगतो, ‘नऊ पॉइंट आठ, दोन वाजता.’ शॉट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेत सांगायची ही पद्धत. मग तो बघतो, आणि पडद्यावर ठिपका खरंच तिथे असतो. नऊ पॉइंट आठ हा काही मोठा गुण नव्हे, पण आपण काय केलं हे आपल्याला नेमकं कळलं होतं. नवख्याला हे महिनोन्‌महिने जमत नाही. ज्या दिवशी जमू लागतं, त्या दिवशी तो नेमबाज होतो. कित्येक प्रशिक्षक लक्ष्य काढून टाकून कोऱ्या भिंतीकडे रायफल रोखायला लावतात, छर्रा न भरता चाप ओढायला लावतात. गुणांचा मोह दूर झाला, की माणसाला स्वतःची हालचाल दिसू लागते.

पॉइंट टू-टू

रेंजवर ज्याला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात, ते रिमफायर काडतूस या खेळाचं दुसरं दालन. ते पेटवणारी दारू पितळी कोशाच्या तळाच्या कडेत भरलेली असते आणि पिन त्या कडेवर आदळते, म्हणून नाव रिमफायर. फ्रान्समध्ये लुई-निकोला फ्लोबेर यानं १८४५ च्या सुमारास असं छोटं काडतूस घडवलं, ते घरातल्या दिवाणखान्यात नेम धरण्यासाठी. आज जगभर वापरलं जाणारं पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये आलं. इतक्या वर्षांत शस्त्रांची दुनिया बदलली, पण हे काडतूस टिकलं. धक्का कमी, आवाज कमी आणि अचूकता अफाट.

ऑलिंपिकमध्ये रायफलीसाठी त्याचं अंतर ५० मीटर. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. एअर रायफलच्या ठिपक्यापेक्षा ते मोठं वाटतं खरं, पण अंतर पाचपट आहे. कोनाचा हिशेब केला, तर इथे चुकायला जागा आणखी कमी आहे. शिवाय इथे वारा आहे. ताशी १५ किलोमीटरचं आडवं वारं ५० मीटरवर गोळीला दोन सेंटिमीटरहून जास्त ढकलतं. रेंजवर लावलेल्या छोट्या झेंड्या वाचत वाचत खेळावं लागतं. कुणी साइटला दोन खटके देतो, कुणी वारा पुन्हा पहिल्यासारखा होईपर्यंत थांबतो. थांबायचं किती, हा ज्याचा त्याचा स्वभाव.

काडतुसांचीही परीक्षा होते. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोडा खाली ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या दोन लॉटही एका नळीत सारख्या चालत नाहीत. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांच्या चाचणीकेंद्रांत जातात, ती शिकंज्यात आवळतात आणि लॉटमागून लॉट चालवून पाहतात. जिचे शॉट एकमेकांच्या सर्वांत जवळ पडतील, ती लॉट विकत घेतात.

थ्री पोझिशन या प्रकारात हे सगळं तीन शरीरस्थितींत करायचं असतं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभ्यानं. झोपून रायफल जमिनीसारखी स्थिर वाटते, पण दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून नाडीचा ठोका साइटमध्ये दिसतो. बसल्यावर पाय बधिर होतो. उभं राहिल्यावर आधीचं सगळं विसरावं लागतं.

घंटा वाजवणारे छर्रे

या खेळाची मुळं केवळ लष्करी नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर ब्रिटनमध्ये सामान्य माणसानं नेम शिकावा, अशी चळवळ उभी राहिली. सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तिला बळ दिलं आणि गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. हेतू सैनिकी होता, पण लोकांनी त्याचा विरंगुळा केला. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या पबमध्ये एअर रायफलच्या लीग सुरू झाल्या. पोलादी पत्र्याला बारीक भोक, त्याच्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला, की घंटा वाजायची. कामावरून सुटलेले कामगार या आवाजासाठी आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी जमत.

जर्मनीत या परंपरेला गावाच्या उत्सवाचं रूप आलं. तिथला राष्ट्रीय नेमबाजी संघ १८६१ चा आहे आणि त्याचे सभासद दहा लाखांहून जास्त आहेत. तिथल्या एअर रायफल बुंडेसलीगामध्ये दोन नेमबाज शेजारी उभे राहून समोरासमोर लढतात आणि प्रेक्षक ढोल वाजवतात. आपल्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीभोवती जो उत्साह असतो, तोच तिथे क्लब, शिस्त आणि सातत्य यांच्यासोबत नांदतो.

ऑलिंपिकमध्ये एअर रायफल १९८४ मध्ये आली. पण त्याआधीच, १९७६ च्या माँट्रिऑलमध्ये, या खेळानं एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. तेव्हा थ्री पोझिशनमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत. अमेरिकेचे लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक यांचे गुण समान झाले. नियमानुसार सुवर्ण बॅशम यांना मिळालं, तेव्हा राष्ट्रगीताच्या वेळी त्यांनी मर्डॉक यांना वरच्या पायरीवर आपल्याशेजारी घेतलं. उंची, ताकद, वेग यांचं इथे फारसं चालत नाही, हे त्या पायरीवर जगानं पाहिलं.

ठोका आणि चाप

इतर खेळांत घाम आणि धडधड मदतीला येतात. इथे त्याच गोष्टी आड येतात. शॉटच्या आधीच्या काही सेकंदांत कसलेल्या नेमबाजांच्या हृदयाची गती मंदावते, असं संशोधकांना वारंवार आढळलं आहे. दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत ते चाप ओढतात, असंही काही अभ्यासांत दिसलं, पण सगळ्या अभ्यासांत नाही. हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू याची दोन पदकं याच कारणानं गेली.

मनाची चूक किती महाग पडते, हे २००४ च्या अथेन्सनं दाखवलं. थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या शॉटआधी तीन गुणांनी पुढे होता. साधा मध्यम शॉटही पुरला असता. त्यानं चाप ओढला, गोळी लक्ष्यावर लागलीही, पण ते लक्ष्य शेजारच्या लेनचं होतं. गुण शून्य, क्रमांक आठवा. उलट २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन शेवटच्या शॉटआधी बरोबरीत होते. बिंद्रानं १०.८ मारला, हॅकिनेननं ९.७. भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. दोन्ही प्रसंगांत रायफली उत्तम होत्या. फरक होता तो त्या एका शॉटपुरतं तिथे असण्याचा.

वरळी ते कांबळवाडी

महाराष्ट्राचं या खेळाशी नातं जुनं आणि घट्ट आहे. मुंबईत वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली मुलींची एक पिढी तयार झाली. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. भारतीय स्त्री ऑलिंपिक नेमबाजीच्या अंतिम फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. त्याच वर्षी अंजली, सुमा आणि दीपाली देशपांडे तिघी अथेन्सला खेळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराच्या, जगज्जेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १८ व्या वर्षी एअर रायफलचा जगज्जेता झाला.

या धाग्याचं पुढचं टोक राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत आहे. तिथला स्वप्निल कुसाळे सरकारी क्रीडाप्रबोधिनीतून घडला आणि रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. त्याच्या प्रशिक्षक म्हणजे अथेन्सला खेळलेल्या दीपाली देशपांडे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन अंतिम फेरीत तो गुडघ्यावरच्या शॉटनंतर सहावा होता, झोपून मारलेल्या शॉटनंतर पाचवा. मग उभ्याची पाळी आली, सगळ्यांची परीक्षा पाहणारी, आणि तिथे तो तिसरा झाला. गुण ४५१.४. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं.

एका पिढीनं शिकायचं आणि रेंजवरच थांबून पुढच्या पिढीला शिकवायचं, हे या यशामागचं खरं कारण मला वाटतं.

पदकाशिवायचा खेळ

आपल्याकडे मूल रेंजवर गेलं, की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या लेव्हलपर्यंत जाईल?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायला हवा. हा खेळ चाळिशीत सुरू करता येतो, साठीत चालू ठेवता येतो. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलमध्ये चौथे आले. अवनी लेखरा हिनं टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. नवरा-बायको, आजी-नात एकाच लेनवर, एकाच नियमानं खेळू शकतील असे खेळ किती आहेत?

एअर रायफलची दहा मीटरची रेंज उभारायला मैदान लागत नाही, एक लांब खोली पुरते. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्या कायद्यानुसार परवान्याची गरज नाही. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. पॉइंट टू-टूला मात्र परवाना लागतो आणि क्लबचा आधारही. सुरुवात क्लबच्या रायफलवर करावी. स्वतःची महागडी विकत घेण्याची घाई नको.

आणि शिस्त पहिल्या दिवसापासून. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, खेळत नसताना नळीत भडक रंगाची दोरी, ‘स्टॉप’ म्हटलं की बोट चापावरून बाहेर, शिशाला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. कुणाच्याही, कशाच्याही दिशेनं गमतीनंसुद्धा नळी वळवायची नाही. चांगल्या रेंजवर ही शिस्त इतकी मुरलेली असते, की तिथे आलेलं मूल काही महिन्यांत शस्त्राचा धाक आणि शस्त्राचं आकर्षण या दोन्हींतून मोकळं होतं. उरतो तो फक्त नेम.

जिल्हा-तालुक्याच्या क्रीडासंकुलांत दहा मीटरच्या चार लेन, क्लबच्या दोन-तीन रायफली आणि संध्याकाळी दोन तास येणारा एक जाणता प्रशिक्षक, एवढं झालं तरी पुष्कळ. त्यातून पदकं येतील, कारण ती नेहमी अशाच जागांतून येतात. पण ती नाही आली तरी बिघडत नाही. दिवसभर कामात विखुरलेल्या माणसाला तासभर एकाच गोष्टीकडे पूर्ण लक्ष देता येणं, आणि आपण ती किती नीट केली याचं दशांशापर्यंत खरं उत्तर मिळणं, हाच या खेळाचा मोबदला आहे आणि तो पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला मिळतो.