न झालेल्या रस्त्यातून घडलेलं सोहो

न्यूयॉर्कच्या सोहो वस्तीत, वूस्टर स्ट्रीटवर 141 क्रमांकाच्या इमारतीत जिना चढून वर गेलं, की एक दालन लागतं. त्यात फक्त माती आहे. 3,600 चौरस फुटांवर 22 इंच जाडीचा थर, वजन सुमारे 127 टन. वॉल्टर डी मरिया या कलावंताने 1977 मध्ये ती पसरली. अधूनमधून तिला पाणी घालतात, दाताळ्याने सारखी करतात. बघायला तिकीट नाही. आणि खाली रस्त्यावर जगातल्या महागड्या फॅशन कंपन्यांची दुकानं!

इतकी माती वरच्या मजल्यावर राहते कशी? सोहोच्या इमारती एकोणिसाव्या शतकात गोदामं आणि कारखान्यांसाठी बांधल्या गेल्या. अवजड मालासाठी भक्कम जमिनी, मालाची लिफ्ट, उंच छतं. दर्शनी भाग ओतीव लोखंडाचा. खांब बारीक असूनही भार पेलतात, म्हणून खिडक्या अवाढव्य आणि आत प्रकाशच प्रकाश. कापडाच्या गठ्ठ्यांसाठी केलेली ही सोय पुढे मोठ्या कॅनव्हासला आणि शिल्पांना जशी हवी तशीच निघाली.

पण अशा जागा स्वस्त का मिळाल्या? याचं उत्तर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य नियोजनकाराला ब्रूम स्ट्रीटवरून दहापदरी उन्नत महामार्ग न्यायचा होता. ही टांगती तलवार कित्येक वर्षं राहिली. उद्या पाडल्या जाणाऱ्या इमारतीवर मालक पैसा कशाला घालेल? भाडी पडलेलीच राहिली, मजले रिकामे होत गेले. 1969 मध्ये योजना रद्द झाली, तोवर तिथे चित्रकार-शिल्पकार येऊन राहिले होते. कधीच न झालेल्या रस्त्याने एक कलावस्ती घडवली!

मात्र ते आले तेव्हा सोहो ओसाड नव्हतं. नियोजनतज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांच्या 1963 च्या अहवालाने दाखवून दिलं, की छोट्या कारखान्यांत असंख्य माणसं राबत होती, त्यांत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन कामगार मोठ्या संख्येने होते. सोहोची गोष्ट सांगताना ही माणसं वगळली जातात, आणि ते मला खटकतं.

कारखान्यांच्या या इमारतींत राहणं बेकायदा होतं. 1961 पासून शहराने काही कलावंतांना सूट दिली. एक अट अशी, की दाराशी पाटी हवी, म्हणजे आग लागली तर वर माणूस राहतो हे बंबवाल्यांना कळेल. 1967 मध्ये कलावंत जॉर्ज मॅच्युनास यांनी 80, वूस्टर स्ट्रीट इथे कलावंतांची सहकारी इमारत उभी केली. 1968 मध्ये पॉला कूपर यांची गॅलरी आली. 1971 मध्ये कायद्याने कलावंतांच्या राहण्याला मान्यता दिली, त्याच वर्षी वेस्ट ब्रॉडवेवर बड्या गॅलऱ्या थाटल्या गेल्या. पाठोपाठ उपाहारगृहं आणि दुकानं आली, मग चित्रकार नसलेले पण चित्रकारासारखं राहू इच्छिणारे पैसेवाले. घर कलावंतालाच द्यावं हा नियम कागदावर राहिला. भाडी इतकी चढली, की नव्वदच्या दशकात गॅलऱ्याच शहरातल्या चेल्सी वस्तीकडे निघून गेल्या.

कलावंतांनी वस्तीचं मोल वाढवलं आणि त्याच मोलाने त्यांना बाहेर काढलं. पण सगळ्यांना नाही. ज्यांनी सहकारी पद्धतीने मजले विकत घेतले त्यांच्यातले अनेकजण टिकले, भाडेकरूंना जावं लागलं. ती मातीही टिकली आहे ती एका कलासंस्थेने जपल्यामुळे. म्हणून गॅलरी किती सुंदर आहे यापेक्षा जागेचा ताबा कोणाकडे आहे, हे मी आधी विचारेन.

याचंच एक उदाहरण सोहोपासून थोड्याच अंतरावर आहे: हडसन नदीकाठचं वेस्टबेथ. बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळांचं 1970 मध्ये कलावंतांच्या घरांत रूपांतर झालं. साडेतीनशेहून अधिक घरं, भाडं बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी. मर्स कनिंगहॅम यांचा नृत्यस्टुडिओ तिथे वरच्या मजल्यावर सुमारे चाळीस वर्षं चालला. आजूबाजूची वस्ती शहरातल्या सगळ्यात महाग वस्त्यांपैकी एक झाली, तरी वेस्टबेथमध्ये आजही कलावंतच राहतात.